परदेशी कंपनीत १२ आठवड्यांचं प्रशिक्षण: करारात नेमकं काय लिहायचं?

समन्वयक_यंत्रशाळा

आमच्या व्यवसाय प्रशिक्षण संस्थेत मशिनिस्ट आणि वेल्डर असे दोन अभ्यासक्रम आहेत, दोन्ही २ वर्षांचे. दुसऱ्या देशातली एक कंपनी (यंत्रांचे सुटे भाग आणि फॅब्रिकेशन) दुसऱ्या वर्षाच्या ६ प्रशिक्षणार्थींना १२ आठवडे घ्यायला तयार आहे. ४ मशिनिस्ट, २ वेल्डर. सामंजस्य कराराचा मसुदा दोन पानांचा आहे. त्यात 'परस्पर सहकार्य', 'कौशल्यविकास', 'अनुभवांची देवाणघेवाण' सगळं आहे, फक्त सोमवारी सकाळी कोण कुठल्या मशिनपुढे उभं राहणार एवढंच नाही.

विचारायचं ते असं. करारात किती खोलात जावं? कंपनीचा एचआर म्हणतो, तपशील वाढवलात तर आमचा विधी विभाग तीन महिने घेईल. दुसरं, तिथलं काम इथल्या निकालात धरायचं कसं? १२ आठवडे म्हणजे सत्राचा मोठा भाग. तिसरं, वेल्डरना तिथेच प्रमाणपत्र परीक्षा देता आली, तर परत आल्यावर त्याचा उपयोग होतो का? आणि शेवटचं, दोघं अजून १८ पूर्ण नाहीत. त्यांना पाठवावं का?

तिसरी_सही

एचआर म्हणतो ते खरं आहे आणि तुम्हाला खटकतंय तेही खरं आहे. सगळं एकाच कागदात कोंबायला गेलं की दोन्हीकडून अडचण होते. कागद तीन करा.

पहिला, सामंजस्य करार. दोन पानं पुरेत, तुमच्या मसुद्यातली विशेषणं काढली तर दीड पानातही बसेल. पक्ष कोण, मुदत किती, कोणते अभ्यासक्रम, वाद झाला तर दोन्हीकडे नावानिशी कोणाशी बोलायचं, किती दिवसांच्या सूचनेवर बाहेर पडता येतं, आणि मधेच बाहेर पडलं तर तिथे असलेल्या मुलांचं काय. ही शेवटची ओळ बहुतेक मसुद्यांत नसते. 'चालू तुकडी पूर्ण होईपर्यंत करार लागू राहील' एवढं लिहिलं तरी चालतं. मग त्यात एकच वाक्य घाला: प्रशिक्षणाचा तपशील जोडपत्र १ प्रमाणे, आणि ते दोन्हीकडचे प्रशिक्षण समन्वयक लेखी संमतीने बदलू शकतात. विधी विभाग करार एकदाच पाहतो, जोडपत्र त्यांच्याकडे परत जात नाही.

दुसरा कागद म्हणजे हे जोडपत्र, आणि खरा जीव इथेच आहे. दर कामाला एक ओळ. काम काय, कुठल्या यंत्रावर, कोण दाखवणार, कितव्या आठवड्यापर्यंत नुसतं पाहायचं, कधी देखरेखीखाली करायचं, कधी एकट्याने, आणि जमलं याचा पुरावा काय. 'सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवरच्या टर्निंगची ओळख' ही ओळ नव्हे. ओळ अशी असते: 'आठवडा ५ ते ७. ४० मिमी शाफ्टवर बेअरिंगची जागा, के६ (मापातल्या सुटीचा वर्ग) म्हणजे ४०.००२ ते ४०.०१८. इन्सर्ट (कापणारं टोक) बदलल्यावर ऑफसेट (हत्याराच्या जागेची दुरुस्ती) स्वतः मापून टाकतो. मायक्रोमीटरने मापून सलग ५ नग मापात. मापांची नोंद लॉगबुकात, मेंटॉरची सही.' क्रियापदांकडे लक्ष ठेवा. मापतो, बसवतो, बदलतो, नोंदवतो, कळवतो ही चालतात. 'समज येते', 'परिचय होतो' यांनी काहीच तपासता येत नाही, आणि १२ आठवडे ब्रश मारण्यात गेले तरी करार पाळला गेला असं म्हणता येतं.

तिसरा, प्रत्येक प्रशिक्षणार्थीचा स्वतंत्र शिक्षण करार. संस्था, कंपनी आणि प्रशिक्षणार्थी अशा तीन सह्या. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या शिक्षण-प्रशिक्षण कार्यक्रमात हा लागतोच. युरोपात २००९ मध्ये व्यवसाय शिक्षणासाठी क्रेडिट-गुणांची ईक्वेट नावाची पद्धत आणली होती. गुण कोणी फारसे वापरले नाहीत आणि २०२० च्या शिफारशीने ती मोडीत काढली, पण सामंजस्य करार आणि शिक्षण करार ही जोडी टिकली, कारण तिने कामं सोपी होतात. तुम्ही युरोपाबाहेर असलात तरी नमुना उचलायला हरकत नाही.

निकालात धरायचं की नाही हे जाण्याआधी ठरतं, आल्यावर नाही. तुमच्या अभ्यासक्रमातले कोणते घटक तिथे पूर्ण होतील ते शिक्षण करारात क्रमांकानिशी लिहा आणि परीक्षा मंडळाकडून आधी लेखी होकार घ्या. जर्मनीच्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्यात हे फार स्वच्छ आहे: एकूण मुदतीच्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश भाग परदेशात करता येतो आणि तो प्रशिक्षणाचाच भाग धरला जातो. साडेतीन वर्षांचा व्यवसाय असेल तर साडेदहा महिने. ८ आठवड्यांहून जास्त मुक्काम असला की सक्षम संस्थेशी जुळवलेला आराखडा लागतो. तुमचे १२ आठवडे त्या हिशेबाने 'आधी आराखडा, मग तिकीट' यात येतात. तुमच्याकडे असा नियम नसला तरी वागा तसंच.

पाळीप्रमुख

वरचं सगळं ठीक. पण हे जोडपत्र शॉपफ्लोअरवर कोणी वाचलेलं नसतं हा नेहमीचा अनुभव. सही प्लँट हेडची, आणि मुलं उभी राहतात तिसऱ्याच माणसाच्या पाळीत. त्याला शुक्रवारी कळतं की सोमवारी ६ जण येणार.

कंपनीला हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या: मेंटॉरचे तास कुठल्या कॉस्ट सेंटरवर (खर्चाच्या खात्यावर) पडणार? याचं उत्तर नसेल तर मेंटॉर नाही, फक्त नाव आहे. पहिला आठवडा मेंटॉरचा रोज निदान २ तास जातो, पुढे अर्धा-पाऊण तास. ते तास त्याच्या उत्पादनाच्या टार्गेटमधून वजा झाले नाहीत तर तो मुलांना कडेला उभं करतो, आणि त्याची चूक काढता येत नाही. एका मेंटॉरकडे दोन मुलं, तिसरं नको. मेंटॉर रजेवर गेला तर बदली कोण, तेही नावानिशी.

मशिनचंही तसंच. उत्पादनातली सीएनसी मशिनं आठवड्याच्या प्लॅनमध्ये बांधलेली असतात, शिकवायला म्हणून कोणी मोकळी ठेवत नाही. जुनी लेथ किंवा ट्रेनिंग सेल आहे का विचारा. नसेल तर कमी घाईचे, छोट्या लॉटचे जॉब मुलांसाठी आधीच वेगळे काढायला सांगा. वाया जाणाऱ्या मालाची मर्यादाही आधी ठरवा, उदाहरणार्थ एका जॉबला ३ नगांपर्यंत कंपनी सोसेल. पुढे गेलं तर काम थांबवून कारण शोधायचं, मुलाच्या खिशातून पैसे नाहीत. हे लिहिलेलं नसलं की पहिला नग बिघडल्यावर मुलाला सेटिंगला हातच लावू देत नाहीत.

आता तयारी. मुलं इथे फॅनुकच्या कंट्रोलरवर शिकतात आणि तिथे सिमेन्सचं सिन्युमेरिक असतं, किंवा उलटं. फॅनुकच्या लेथवर जी७१ म्हणजे रफिंग सायकल, म्हणजे जादा माल थराथराने काढणारा तयार क्रम. सिन्युमेरिकवर, आयएसओ डायलेक्ट मोड चालू नसेल तर, जी७१ म्हणजे मापं मिलिमीटरमध्ये आणि जी७० म्हणजे इंच. फॅनुकला इंच-मिमीसाठी जी२० आणि जी२१. हायडनहाइन या तिसऱ्या कंट्रोलरवर तर बहुतेक काम त्याच्या स्वतःच्या संवादी भाषेत चालतं. कोड पाठ करून आलेला मुलगा इथे अडतो. सायकल नेमकं काय करते ते समजलेला मुलगा मॅन्युअल उघडून सावरतो. म्हणून निघण्याआधी २ आठवडे त्याच कंट्रोलरच्या सिम्युलेटरवर बसवा. कुठलं व्हर्जन ते कंपनीकडून लिहून घ्या, नुसतं 'सिमेन्स आहे' पुरत नाही.

ड्रॉइंगचं त्याहून बेरकी. फर्स्ट अँगल की थर्ड अँगल (दृश्यं कुठल्या बाजूला काढायची याच्या दोन पद्धती) हे टायटल ब्लॉकमधल्या कापलेल्या शंकूच्या खुणेवरून ओळखता यायला हवं, नाहीतर खाच उलट्या बाजूला. बऱ्याच देशांत दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो, ०,०५ हे दोन आकडे नव्हेत. आणि आस्मे वाय१४.५ या अमेरिकी मानकाप्रमाणे काढलेल्या ड्रॉइंगवर आकाराची मर्यादा बाकालाही बांधते, म्हणजे सगळ्यात जाड मापाचा शाफ्ट पूर्ण सरळ असावा लागतो. आयएसओ ८०१५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे माप वेगळं आणि सरळपणा वेगळा, वर्तुळातला ई ही खूण असेल तरच दोन्ही जोडले जातात. म्हणजे एकाच नगावर दोन निरीक्षक वेगळा निकाल देऊ शकतात आणि दोघंही बरोबर. कंपनीकडून नाव-क्रमांक खोडलेली ३ ड्रॉइंग मागून घ्या आणि त्यावरच सराव घ्या. गोपनीयतेचं कारण सांगून नाही म्हणाले तर जुन्या, बंद झालेल्या भागाची मागा, ती सहसा देतात.

वेल्ड_परीक्षक

वेल्डरच्या प्रश्नाबद्दल. तिथे परीक्षा बहुधा आयएसओ ९६०६-१ या वेल्डर-परीक्षेच्या मानकाप्रमाणे होईल. उपयोग होतो, पण तीन ठिकाणी लोक फसतात.

एक. हे प्रमाणपत्र 'वेल्डर' असल्याचं नसतं, एका व्याप्तीचं असतं: प्रक्रिया, प्लेट की पाइप, बट (कडेला कड) की फिलेट (कोपऱ्यातला सांधा), फिलर म्हणजे भरणीच्या धातूचा गट, जाडी, स्थिती. तुकडा विचार करून निवडला तर एका परीक्षेत पुष्कळ मिळतं. प्रक्रिया १३५ (मॅग वेल्डिंग), प्लेटवर बट, १२ मिमी जाडी, निदान ३ थरांत, एका बाजूने, बॅकिंगशिवाय (मागे आधारपट्टी न लावता), पीएफ स्थिती म्हणजे उभं खालून वर. यात ३ मिमीपासून वरची सगळी जाडी येते, पीए (सपाट) आणि पीएफ दोन्ही स्थिती येतात, आणि बॅकिंगशिवाय जमलं म्हणून बॅकिंगसहचंही येतं. तोच तुकडा सपाट ठेवून पीएमध्ये दिला तर फक्त पीए. कंपन्या पुष्कळदा पीए सुचवतात, कारण पास व्हायची खात्री जास्त. फिलेट मात्र यात येत नाही. २०१२ पासून बटच्या परीक्षेत फिलेट आपोआप धरत नाहीत, पूरक फिलेट तुकडा वेगळा वेल्ड करावा लागतो. फॅब्रिकेशनमध्ये निम्म्याहून जास्त काम फिलेटचंच निघेल, तेव्हा तो त्याच दिवशी उरकून घ्या.

दोन. वैधता. प्रमाणपत्रावर कलम ९.३ मधला कुठला पर्याय लिहिलाय ते पाहा. 'ए' असेल तर ३ वर्षांनी परत परीक्षा. 'बी' असेल तर २ वर्षांनी वेल्डच्या चाचण्यांवरून नूतनीकरण. 'सी' म्हणजे वेल्डर त्याच कंपनीत आहे आणि ती कंपनी आयएसओ ३८३४-२ किंवा ३८३४-३ (वेल्डिंगच्या गुणवत्तेचं मानक) पाळते तोवर. प्रशिक्षणार्थी परत आला की 'सी' संपलं. कंपनी सवयीने 'सी' टाकते, तुम्ही 'ए' मागा.

तीन. दर ६ महिन्यांनी पुष्टीची सही लागते, वेल्डिंगची जबाबदारी असलेल्या माणसाची किंवा परीक्षकाची. मुलगा परत येऊन थिअरीच्या तासांना बसला आणि ६ महिने त्या प्रक्रियेने वेल्ड केलं नाही तर मूळ प्रमाणपत्र चौकटीत लावण्यापुरतं उरतं. संस्थेच्या कार्यशाळेत तारीख, प्रक्रिया, जाडी, स्थिती यांची नोंदवही ठेवा आणि सही कोण करणार ते आधी ठरवा.

परीक्षक कोण, हेही विचारा. कंपनीचा आतला माणूस चालतो बऱ्याच कामांना, पण युरोपात दाब-उपकरणांच्या २ ते ४ श्रेणींसाठी वेल्डरला मान्यता अधिकृत तिसऱ्या संस्थेकडून लागते. आणि कंपनी आस्मे सेक्शन ९ वर (वेल्डिंग पात्रतेचे अमेरिकी नियम) काम करत असेल तर परीक्षेवर पैसे घालवताना दोनदा विचार करा. तिथे पात्रतेची जबाबदारी त्या त्या कंपनीची असते, नवा नियोक्ता साधारणपणे पुन्हा परीक्षा घेतो. अशा ठिकाणी वेल्डिंगच्या कामाची सविस्तर नोंद आणि एक्स-रेचे निकाल जास्त कामाचे.

समन्वयक_यंत्रशाळा

पीएफ आणि 'सी'चं हे माहीतच नव्हतं, लगेच विचारतो. मशिनिस्टच्या मूल्यमापनाचं मात्र अजून सुटत नाही. कंपनीने पाठवलेल्या नमुना फॉर्ममध्ये १ ते ५ गुण आहेत: वक्तशीरपणा, उत्साह, संघभावना, तांत्रिक ज्ञान. सगळ्यांना ५ मिळणार हे आत्ताच दिसतंय. शिवाय ते म्हणतात, दोन्ही अभ्यासक्रम पात्रता चौकटीत एकाच पातळीवर आहेत, मग वेगळं तपासायचं कशाला? आणि पुढच्या वर्षी २० जण घेऊ म्हणतात.

तिसरी_सही

पातळी एक म्हणजे मजकूर एक, असं नाही. युरोपीय पात्रता चौकट २००८ ची, २०१७ ला सुधारली, ८ पातळ्या. ती ज्ञान, कौशल्य आणि जबाबदारी-स्वायत्तता किती खोल याची तुलना करते, कुठल्या मशिनवर काय येतं याची नाही. चौथ्या पातळीवरचा मशिनिस्ट आणि चौथ्या पातळीवरचा स्वयंपाकी दोघंही चौथ्याच पातळीवर असतात.

तो फॉर्म ठेवा, कंपनीचा मान म्हणून. पण गुण त्यावरून देऊ नका. मेंटॉरला गुण मागितले की तो माणुसकीने देतो. त्याच्याकडून फक्त एवढं घ्या: जोडपत्रातली ही ओळ मी स्वतः पाहिली, एकट्याने केली की मदतीने, कुठल्या तारखेला. हो-नाहीच्या प्रश्नात लाड करायला जागा कमी उरते. गुण द्यायचे ते संस्थेने, परत आल्यावर. लॉगबुकातल्या दोन ओळी निवडा, त्याच प्रकारचा जॉब कार्यशाळेत ३ तासांत करायला लावा, आणि १५ मिनिटं तोंडी: हा ऑफसेट का बदललास, सातव्या नगाला माप सरकलं तेव्हा काय पाहिलंस. लॉगबुक दुसऱ्याने भरलंय की यानेच, ते तिसऱ्या प्रश्नापर्यंत कळतं.

युरोपात असाल तर युरोपास मोबिलिटी हा दस्तऐवजही भरा. पाठवणारी आणि घेणारी, दोन्ही संस्था तो भरतात. फक्त त्यातली कौशल्यं शेवटच्या दिवशी आठवून लिहू नका, जोडपत्रातूनच उतरवा.

पाळीप्रमुख

इथे थोडं पटत नाही. मेंटॉरचं मत बाजूला ठेवून संस्थेने ३ तासांच्या जॉबवर गुण दिले तर १२ आठवड्यांचं काम एका दुपारी तोललं जातं. घरच्या मशिनवर, घरच्या मास्तरांपुढे मुलगा वेगळाच असतो. मापाचे आकडे माणुसकी करत नाहीत. इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि रिजेक्शनची नोंद कंपनीकडे असतेच, ती मागा. मुलाच्या नगांचा रूट कार्डवर (नगासोबत फिरणारा कामाचा कागद) वेगळा ऑपरेटर क्रमांक टाकायला सांगितला की १२ आठवड्यांत किती नग केले, किती रीवर्कला गेले, किती स्क्रॅप झाले हे आपसूक निघतं. मी निम्मं वजन त्याला देईन. आणि पहिले ४ आठवडे त्यातून वगळेन, नाहीतर मुलं सोपेच जॉब पकडून बसतील.

तिसरी_सही

वेगळ्या ऑपरेटर क्रमांकाची सूचना उत्तम आहे, मान्य. निम्म्या वजनाबद्दल शंका आहे, कारण स्क्रॅप कमी ठेवायला मेंटॉर स्वतःच सेटिंग करून देतो आणि मुलगा फक्त बटण दाबतो. सेटिंग कोणी केलं हा रकाना रूट कार्डवर असेल तरच ते आकडे धरा.

कागदपत्र_खिडकी

१८ खालच्या दोघांबद्दल, आणि ज्याबद्दल कोणी विचारलं नाही त्याबद्दलही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करार १३८ प्रमाणे (१९७३) धोक्याच्या कामाला किमान वय १८. वयाची १६ पूर्ण झाल्यावर सूट देता येते, पण सुरक्षिततेची पूर्ण हमी आणि त्या कामाचं नेमकं प्रशिक्षण असेल तरच, आणि ती सूट त्या देशाच्या कायद्यात असावी लागते. युरोपीय संघात १८ खालच्यांसाठी १९९४ चा वेगळा निर्देश आहे: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४०, रात्रपाळीवर बंधनं, आणि धोक्याच्या कामाला अपवाद फक्त प्रशिक्षणासाठी अपरिहार्य असेल तेव्हा, जाणकाराच्या देखरेखीखाली. कागदावर शक्य आहे. व्यवहारात काय होतं, तर कंपनीचा सुरक्षा अधिकारी दोघांना प्रेस, क्रेनखालचा भाग, वेल्डिंग बूथ सगळीकडून बाहेर ठेवतो आणि त्यांचे १२ आठवडे भाग मोजण्यात जातात. शक्य असेल तर त्या दोघांना पुढच्या तुकडीत पाठवा. तरीही पाठवायचं ठरलं तर कुठलं काम चालेल याची यादी सुरक्षा अधिकाऱ्याच्या सहीने आधी घ्या, आणि पालकांची संमती, सोबत जाणारा प्रौढ, रात्री फोन उचलणारा माणूस हे तीनही ठरवा.

विमा. लोक प्रवास विमा काढतात आणि निश्चिंत होतात. बऱ्याच प्रवास विम्यांत शारीरिक कष्टाचं काम आणि यंत्रकाम वगळलेलं असतं. अपवादांचं पान वाचा. लागतात तीन गोष्टी: आजारपण आणि मायदेशी परत आणणं, कामाच्या जागेवरचा अपघात, आणि मुलाच्या हातून कंपनीचं नुकसान झालं तर त्याची जबाबदारी. तिसरं बहुतेकांकडे नसतं. स्पिंडल (मशिनचा फिरता मुख्य भाग) आपटला तर तो आकडा कोणी संस्था खिशातून भरू शकत नाही. युरोपीय आरोग्य विमा कार्ड असलं तरी ते सरकारी व्यवस्थेतल्या गरजेच्या उपचारांपुरतं, मायदेशी आणण्याचा खर्च त्यात नाही. कामावरचा अपघात कंपनीच्या विम्यात येतो का, याचं उत्तर विमा कंपनीकडून लेखी घ्या, एचआरच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

व्हिसा. मशिनवर उभं राहून माल काढणं हे व्यवसाय-भेट किंवा पर्यटक व्हिसावर करता येत नाही, वेतन शून्य असलं तरी. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांसाठी २०१६ च्या निर्देशात 'प्रशिक्षणार्थी' हा प्रकार आहे आणि इंटरनेटवर सगळे तोच सुचवतात. पण त्यासाठी उच्च शिक्षण चालू असावं लागतं किंवा गेल्या २ वर्षांत पदवी घेतलेली असावी लागते. व्यवसाय अभ्यासक्रमाचा मुलगा त्यात सहसा बसत नाही, त्याला त्या देशाचा स्वतःचा प्रशिक्षण-परवाना शोधावा लागतो. कंपनीच्या एचआरला हे माहीत असेलच असं नाही. अर्ज नाकारला गेला की पुढच्या अर्जातही तो सांगावा लागतो, म्हणून वकिलातीला आधी लेखी विचारा. शिक्षण करारात कामाचे तास, देखरेख करणारा कोण, वेतन किंवा भत्ता किती आणि कोण देणार, दोघांचं कायदेशीर नातं काय (नोकरी की प्रशिक्षण) हे स्पष्ट असेल तर अर्जाचं अर्धं काम तिथेच होतं. श्रम संघटनेची २०२३ ची शिफारस २०८ शिकाऊ उमेदवारीसाठी असाच लेखी करार सांगते.

मधे एजंट असेल आणि मुलांकडून 'प्लेसमेंट फी' मागत असेल तर तिथेच थांबा. न्याय्य भरतीच्या तत्त्वांप्रमाणे भरतीचं शुल्क आणि त्याच्याशी जोडलेला खर्च कामगाराकडून घ्यायचा नसतो. 'हे कामगार नाहीत, विद्यार्थी आहेत' असं उत्तर आलं तर विचारा, मग उत्पादनाच्या पाळीत का?

तिसरी_सही

२० जणांबद्दल राहिलंच. पाळीप्रमुखांच्या हिशेबाने २० मुलांना १० मेंटॉर लागतात. कंपनीकडे १० नावं आहेत का, एवढंच विचारा. नसतील तर १२ आठवड्यांच्या तीन तुकड्या वर्षात विभागून घ्या, प्रत्येकी ६ ते ८. याचा दुसरा फायदा असा की आधीच्या तुकडीने लिहिलेलं जोडपत्र पुढच्या तुकडीआधी सुधारता येतं.

आणि मुलांच्या आधी एक निदेशक पाठवा, आठवडाभर पुरे. इरॅस्मस प्लसमध्ये कर्मचाऱ्यांसाठी २ ते ६० दिवसांची निरीक्षण-भेट मिळते, तीच इथे वापरायची. त्याने मशिनांचे फोटो काढायचे (परवानगी घेऊन), कंट्रोलरच्या व्हर्जन टिपायच्या, मेंटॉरशी जोडपत्राची एकेक ओळ मशिनपुढे उभं राहून वाचायची. 'हे आम्ही इथे करतच नाही' असं निदान तीन-चार ओळींबद्दल निघेल. ते सहावा आठवडा उजाडल्यावर कळण्यापेक्षा तेव्हा कळलेलं बरं. दुसरी भेट चौथ्या आठवड्यात ठेवा, शेवटच्या नको. शेवटी गेलेल्या माणसाला फक्त सत्कार पाहायला मिळतो.

पाळीप्रमुख

निदेशक जाईल तेव्हा इमर्जन्सी स्टॉप, बर (कापल्यावर कडेला उरलेली धार), क्लॅम्प, ऑफसेट, रिजेक्ट, 'थांब', 'हात काढ' असे शंभरेक शब्द तिथल्या भाषेत मेंटॉरच्या तोंडून रेकॉर्ड करून आणायला सांगा. पुस्तकी भाषेच्या बी१ (मध्यम पातळीच्या) परीक्षेत हे शब्द येत नाहीत आणि गोंगाटात दुसऱ्यांदा कोणी सांगत नाही.

सेफ्टी बुटांचे नंबरही महिनाभर आधी कळवा, पायाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून. मापाचे आकडे देशागणिक बदलतात, आणि आयएसओ २०३४५ चा शिक्का नसलेले बूट बऱ्याच गेटवर चालत नाहीत. नाहीतर पहिला अख्खा दिवस रिसेप्शनच्या खुर्चीत जातो.